पियानोखाली अप्पा

विद्यापीठाच्या संगीत विभागात तिला सगळे सूनबाईच म्हणत. विभागप्रमुख बाई म्हणत, फाटकावरचा पहारेकरी म्हणे, आणि पहिल्या वर्षाची मुलं आधी जरा बिचकत, मग तीही सरसकट म्हणू लागत. तिच्या आधी तिथले पियानो सांभाळायचे ते तिचे सासरे, अप्पा. लग्नानंतर त्यांनी तिला पहिल्यांदा विभागात आणलं तेव्हा ‘ही माझी सूनबाई, हिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे,’ एवढीच ओळख करून दिली, आणि ती ओळख तिला जन्माची चिकटली. पोटचा मुलगा हाताशी होता, पण त्याला सूर आणि कुकरची शिट्टी एकच. वारस अप्पांना सुनेत सापडला.

काम म्हटलं तर सुरांचं, म्हटलं तर हमालीचं. सरावाच्या खोल्यांत भिंतीला पाठ लावून उभे असलेले पियानो, वर्गांत आणखी काही, आणि सभागृहाच्या मंचावर तो मोठा, काळाभोर, तीन पायांवर आडवा पसरलेला. हवा कोरडी पडली की लाकूड आखडायचं, दमट झाली की फुगायचं, आणि दोन्ही वेळा उतरलेल्या सुराचं खापर फुटायचं सूनबाईच्या डोक्यावर. मुलं झाकणावर कॉफीचे कप ठेवत, पट्ट्यांच्या फटीत पेन्सिली पाडत, आणि वर ‘हा पियानो वाजतच नाही’ म्हणून तक्रारही करत. रोज सकाळी ती एकेका खोलीत जाऊन प्रत्येक पट्टी दाबून बघे. आजाऱ्यांच्या वॉर्डात फेरी मारावी तशी.

गेले काही महिने मात्र पियानोंपेक्षा जास्त ती अप्पांना जपत होती.

विसरणं आलं ते चोरपावलांनी. आधी त्यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, आणि सगळे हसले. मग एकदा जेवण झाल्यावर तासाभराने ‘आज जेवायचं नाही का?’ म्हणून विचारलं, आणि हसणं थांबलं. तिचा नवरा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला असायचा आणि दिवसा मेल्यासारखा झोपायचा. एका सकाळी तो असाच झोपलेला असताना अप्पा घरातल्या सपातांवर बाहेर पडले. सूनबाई कामावर पोचली तर कार्यशाळेच्या बंद दारासमोर उभे, आणि म्हणाले, ‘उशीर केलास. किल्ली आण.’ एवढा रहदारीचा रस्ता त्यांनी कसा ओलांडला असेल या विचाराने तिला दिवसभर घास गिळवला नाही.

त्या दिवसापासून ती त्यांना रोज आपल्याबरोबरच आणू लागली. डोळ्यांसमोर राहतील, एवढाच हिशेब. आणि गंमत अशी की कार्यशाळेत ते पुष्कळसे पूर्वीचेच असत. हातोड्यांवरचं दबलेलं लोकरीचं अस्तर सुईने टोचून मऊ करावं तर त्यांनीच. एका पट्टीच्या तीन तारा अशा एकजीव करत की कुठे सांधा दिसू नये. डोक्याने जे सोडलं होतं ते हातांनी धरून ठेवलं होतं. विभागात कोणाला काही कळलं नव्हतं. सगळ्यांना वाटे, म्हाताऱ्याला घरी करमत नाही. विभागप्रमुख बाईंनी एकदा, अप्पांनी त्यांना तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारल्यावर, सूनबाईला बाजूला घेऊन ‘बरे आहेत ना?’ म्हणून विचारलं होतं. वय झालंय, कमी ऐकू येतं, असं ती म्हणाली. कमी ऐकू येतं! अप्पांना! थाप मारताना तिचीच जीभ चाचरली. पण झाकली मूठ होती, ती उघडायची तिला भीती वाटत होती. उघडली तर अप्पांचं येणं बंद होईल, आणि येणं बंद झालं तर त्यांना ठेवायचं कुठे?

भीती तिला तशी रोजचीच झाली होती. अप्पा हरवतील, कोणा प्राध्यापकाला तोंडावर काहीबाही बोलतील, चुकीची तार पिळून तोडतील आणि ती उडून डोळ्याला लागेल. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती असे अपघात एकेक करून मोजत असे. जे झालं ते मात्र तिच्या मोजणीत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी सभागृहात एका विद्यार्थिनीचा परीक्षेचा कार्यक्रम होता. मोठा पियानो सूनबाईने सकाळीच सुरात लावून ठेवला होता. मग ती अप्पांना कार्यशाळेत बसवून, समोर नव्या लोकरीच्या पट्ट्या आणि कात्री ठेवून, सरावाच्या खोलीकडे गेली, कारण तिथे एक पट्टी दबली की वर येत नव्हती. अपेक्षेप्रमाणे आत पेन्सिलच निघाली. पेन्सिलीबरोबर एक केसांची पिन, एक बटण आणि च्युइंगमचा वाळून दगड झालेला गोळाही निघाला, त्यामुळे थोडा वेळ गेला. फार नाही. पण ती परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

लोकरीची पट्टी अर्धी कापून ठेवलेली. कात्री नीट मिटवलेली. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे अवजारं आपापल्या खिळ्याला टांगलेली असत, आणि लाकडी हातोडा जिथे असायचा तिथला खिळा मोकळा होता.

हातोडा कशाला हा विचार तिने अजून पुढे नेला नव्हता. आधी ती स्वच्छतागृहाकडे धावली. मग फाटकाकडे. पहारेकरी म्हणाला की अप्पा काही बाहेर पडलेले नाहीत, पडले असते तर तंबाखू नको म्हणून त्यांचे चार उपदेश त्याला ऐकावे लागले असते. ती परत वळली. सरावाच्या खोल्यांतून एकाच वेळी पाच-सहा जण वेगवेगळं वाजवत होते, आणि त्या गलक्यात तिला तो आवाज ऐकू आला. टक. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक.

लाकडावर लाकूड. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. मोठ्या पियानोचा पाय काढताना असाच आवाज येतो.

मोठा पियानो हलवायचा असला की त्याचे पाय काढावे लागतात. प्रत्येक पाय वर एका लोखंडी खोबणीत सरकवून बसवलेला असतो आणि तो निसटू नये म्हणून शेजारी लाकडाची पाचर ठोकलेली असते. आधी दोन दांडगे गडी पियानोचा डावा कोपरा उचलून धरतात. मग एक जण खाली जातो, पाचर ठोकून काढतो, पाय आतल्या बाजूला ठोकून मोकळा करतो, आणि गडी तो कोपरा हळूहळू खाली टेकवतात. खाली जाणारा माणूस आयुष्यभर अप्पा होते.

सभागृहाचं दार ढकलून ती आत गेली आणि जागच्या जागी थिजली. मंचावरचे दिवे लागलेले होते. पियानोच्या डाव्या बाजूने अप्पांचे दोन पाय बाहेर आलेले, एका पायातला मोजा घोट्यापर्यंत उतरलेला. बाकीचे अप्पा पियानोखाली. त्यांनी काम क्रमाने, अगदी बिनचूक चालवलं होतं. पाचर काढून बाजूला, कोणाच्या पायात येऊ नये अशी ठेवली होती. फक्त कोपरा कोणी धरलेला नव्हता.

 तिला ओरडावं असं वाटलं, आणि तोंड उघडल्यावर कळलं की ओरडायचं नाही. दचकून त्यांचा खांदा त्या पायाला लागला असता तर पुरे होतं. पाचर गेलेला पाय आता फक्त वरच्या वजनाने जागेवर दाबून राहिला होता. जे वजन त्यांना चिरडणार होतं, त्यानेच अजून त्यांना वाचवलेलं होतं. मंचाच्या पायऱ्या ती चवड्यांवर चढली. जवळ जाऊन वाकली तर खोबणीतून पाय थोडा सरकलेला दिसला. फार नाही, दोन बोटं असेल. अजून किती सरकला की निसटतो ते तिला माहीत होतं.

तेवढ्यात खालून अप्पा बोलले.

“धरलंत ना रे दोघांनी?”

ते तिच्याशी बोलत नव्हते. ते थोरल्या आणि धाकट्याशी बोलत होते. हे दोघे भाऊ पूर्वी विभागाचे पियानो हलवायला येत. थोरला वारून बरीच वर्षं झाली होती, आणि धाकटा म्हातारा होऊन लेकीकडे राहायला गेला होता. अप्पांच्या लेखी ते दोघे आत्ता तिथे उभे होते, कोपरा पेलून.  सूनबाईने नकळत मागे वळून पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, बाकी कोणी नाही.

“अरे, धरलंत का? मारू का?”

आता उत्तर द्यायलाच हवं होतं. अप्पा, बाहेर या, असं म्हणावं तर ते ऐकणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. पाय अर्धवट मोकळा करून बाहेर यायचं नाही, हा त्यांचाच नियम, आणि तो त्यांनी तिच्याही डोक्यात घोटून घोटून बसवला होता. शिवाय घरी आता नेहमी व्हायचं तसं ते गोंधळले असते, धडपडत उठायला गेले असते. तिने आवाज जमेल तितका जाड केला.

“नाही. धरलं नाही अजून. थांबा.”



“मग सांगत का नाही, गाढवांनो,” अप्पा म्हणाले. “मी केव्हाचा ठोकतोय. आणि तुझ्या आवाजाला काय झालं?”

“घसा बसलाय.”

“गरम पाण्याच्या गुळण्या कर,” अप्पा म्हणाले, आणि हातोडा त्यांनी छातीवर ठेवला.

ती मागे सरकली. डोकं चालू झालं होतं. एकटीने तो कोपरा उचलणं अशक्य होतं, खाली काहीतरी द्यायला हवं होतं. मंचाच्या मागच्या भिंतीशी समूहगान गाणाऱ्यांना उभं राहण्यासाठी केलेल्या भक्कम लाकडी पेट्या रचलेल्या होत्या. ती तिकडे वळली, आणि त्याच वेळी बाजूच्या दारातून साथवाल्या बाई आत आल्या.

साथवाल्या बाई म्हणजे गाणाऱ्यांच्या साथीला पियानो वाजवणाऱ्या, विभागातल्या सगळ्यात जुन्या. त्यांना सगळे मागून वर्तमानपत्र म्हणत, कारण त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या इमारतीत वाचून झालेली असे. काखेत स्वरलिपीची जाडजूड पुस्तकं घेऊन त्या दुपारच्या कार्यक्रमाची तालीम करायला आल्या होत्या. नेहमीच्या सवयीने त्या सरळ पियानोकडे निघाल्या, पुस्तकांचा गठ्ठा झाकणावर आदळण्याच्या बेतात. सूनबाईने दोन्ही हात पसरून त्यांना वाटेतच अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग नुसतं खाली बोट दाखवलं.

बाईंनी पाहिलं. आधी ते पाय, मग बाजूला पडलेली पाचर. सगळा जन्म पियानोपुढे गेलेला, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही. तोंडावरचा रंग उतरला त्यांच्या. पुस्तकं त्यांनी जमिनीवर अलगद ठेवली, चपला काढल्या, आणि सूनबाईच्या मागोमाग पेट्यांकडे निघाल्या.

दोघींनी मिळून पहिली पेटी उचलली. एरवी दोन मुलं ती हसतखेळत नेत. त्या दोघींना ती दगडाची वाटली. फळ्यांवर घासू द्यायची नाही, आपटू द्यायची नाही, पियानोला लागू द्यायची नाही. बाईंचा श्वास फुलला होता आणि तो त्या नाक दाबून आत धरत होत्या. पट्ट्यांच्या खालच्या फळीखाली, अप्पांच्या डोक्यापासून हातभरावर, त्यांनी पेटी टेकवली.

“काय चाललंय वर?” अप्पा म्हणाले. “माझी पाठ धरली.”

“थोरल्याची पकड बसत नाहीये,” सूनबाई म्हणाली.

“त्याच्या कमरेत भरलंय, तो बोलणार नाही. तूच पुढे हो, धाकट्या. थोरल्याने नुसता हात लावायचा.”

सूनबाईला रडायला सवड नव्हती. दुसरी पेटी आणताना बाईंचा पाय घसरला. पेटी एका बाजूने खाली गेली, सूनबाईने गुडघा मध्ये घालून ती वाचवली. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट डोक्यात गेली. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून तिने खांद्यात दात रोवले. पेटीवर पेटी चढली, तरी वर चार बोटांची फट राहिली. चार बोटं म्हणजे थोडी नव्हेत. एवढं वजन चार बोटं खाली आलं तर पेटीच्या फळ्या फोडून आणखी खाली यायला त्याला वेळ लागणार नव्हता. बाईंनी न सांगता आपली पुस्तकं उचलली. जाड पुठ्ठ्यांची, आयुष्यभर वापरलेली, समासात पेन्सिलीने खुणा केलेली. एक आत गेलं. दुसरं गेलं. तिसरं अर्धं शिरून अडलं.

“आता पुरे,” अप्पा वैतागून म्हणाले. “सांभाळा, मारतोय.”

“अप्पा, नाही,” सूनबाई म्हणाली. स्वतःच्याच आवाजात.

टक.

पाय निसटला. बाहेरच्या माणसाला कळलंही नसतं इतका साधा आवाज झाला. मग सगळा पियानो खाली बसला आणि आतून असा हुंकार निघाला की मंचाच्या फळ्या पायाखाली हलल्या. पुस्तकांचे पुठ्ठे दबले. वरची पेटी कुरकुरली. सगळ्यात वरच्या सुरांच्या तारांना दाबायला काही नसतं, त्या बराच वेळ किणकिणत राहिल्या, मुंग्या आल्यासारख्या. ते किणकिणणं विरेपर्यंत सूनबाईला दुसरं काही ऐकू आलं नाही. ते ऐकू येणं थांबू नये असंही तिला वाटत होतं, कारण त्यानंतर जे कळणार होतं ते कळायला ती तयार नव्हती. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

“कोणी सोडलं?” खालून आवाज आला. संतापलेला, धडधाकट. “कोणी सोडलं रे?”

सूनबाई पालथी पडून आत शिरली. निसटलेला पाय अप्पांच्या मनगटावर आडवा पडला होता आणि त्यांचं बोट फाटून रक्त येत होतं. त्यांच्या कपाळापासून पियानोची फळी वीतभर वर थांबलेली. पेटी पुन्हा एकदा कुरकुरली. सूनबाईने तो पाय ढकलून दिला, त्यांच्या काखेत हात घातले आणि जिवाच्या करारावर बाहेर रेटलं. बाईंनी त्यांचे घोटे धरून ओढलं. एरवी अप्पांना कोणी हात धरून उठवलेलंही खपत नसे. आता दोघींनी त्यांना पोत्यासारखं फरफटत बाहेर काढलं आणि मंचाच्या कडेपर्यंत नेलं.

ते उठून बसले. केसांत धूळ, शर्टाची बटणं तुटलेली. रागाने त्यांनी थोरल्याला शोधलं, मग धाकट्याला. मंचावर दोन बायका, लाकडी पेट्या, दबलेली पुस्तकं. मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पियानोकडे, आणि त्यांचा चेहरा पाहता पाहता बदलला. राग ओघळून गेला. खाली जे उरलं ते सूनबाईने त्या चेहऱ्यावर कधी पाहिलेलं नव्हतं. इतका वेळ भीती तिच्या वाट्याची होती. आता ती अप्पांना कळली.

“ते दोघे नव्हते,” ते हळूच म्हणाले. “नव्हते ना?”

नव्हते, अशी तिने मान हलवली.

“मग हे मी केलं?”

 पियानोखाली ते मेले असते तर कसं झालं असतं, हे तिने गेल्या काही मिनिटांत दहादा पाहिलं होतं. पण हे बघणं त्याहून वाईट होतं. तिने विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित खरं बोलली असती.

“तुम्ही नाही, अप्पा,” ती म्हणाली. “सकाळी मी पाय तपासायला काढला आणि पाचर नीट ठोकली नाही. तुम्ही ती बघायला खाली गेला होतात.”

 साथवाल्या बाई पाठ वळवून पुस्तकं बघू लागल्या. मग हळूहळू अप्पांच्या पाठीचा कणा ताठ झाला, भुवया जवळ आल्या आणि जुना आवाज परत आला. त्यांनी तिला फैलावर घेतलं. इतकी वर्षं शिकवलं ते काय पालथ्या घड्यावर पाणी का, पाचर म्हणजे काय खेळणं वाटलं का, उद्या कोणाचा जीव जाईल तेव्हा अक्कल येणार का. ती मान खाली घालून, त्यांच्या बोटाला रुमाल गुंडाळत, एकेक शब्द ऐकत होती. रुमाल रक्ताने भिजत होता. इतकं रागावून घेणं तिला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

विभागप्रमुख बाईंना तिने खरं ते सांगितलं, सगळं, अप्पांना ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. बाईंनी आधी अप्पांना कुठे लागलं ते विचारलं. मग हे आधी का सांगितलं नाहीस म्हणून चिडल्या, आणि चिडता चिडता त्यांनीच तिला खुर्ची दिली. दुपारचा कार्यक्रम वर्गातल्या लहान पियानोवर झाला. अप्पांना पुन्हा इमारतीत आणायचं नाही हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यावर सूनबाईने हुज्जत घातली नाही. आणायचं धैर्य तिच्यातही उरलं नव्हतं. साथवाल्या बाईंकडून मात्र ही बातमी कुठेच फुटली नाही. विचारलं तर त्या म्हणत, पेट्या हलवताना धक्का लागला. वर्तमानपत्राचा तो एक अंक कधी निघालाच नाही.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने रात्रपाळी सोडायचा अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत शेजारची एक परिचारिका, नुकतीच निवृत्त झालेली, दिवसा अप्पांजवळ बसू लागली. अप्पा रोज सकाळी तयार होऊन दाराशी उभे राहत आणि आज कामावर का जायचं नाही ते रोज नव्याने त्यांना सांगावं लागे. बोट बरं झालं, नख मात्र काळं पडलं.

एक गोष्ट मात्र अप्पा विसरले नाहीत. कोणीही घरी आलं की ते सांगत. सूनबाईने पाचर नीट ठोकली नाही, मोठा पियानो बसला, मी होतो म्हणून निभावलं. परिचारिकेला सांगत, दूधवाल्याला सांगत. नवऱ्याच्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर तिने सूनबाईकडे फोन मागून काळजीने विचारलं की तुझं कामात लक्ष लागत नाही का हल्ली. सूनबाई हो म्हणाली.

“असं किती दिवस चालणार?” नवरा एकदा तिला म्हणाला. “सगळ्यांपुढे तुझी शोभा होते. मी सांगतो त्यांना खरं.”

“नको,” ती म्हणाली. “बोलू देत. त्यांना आठवतंय तोवर बोलू देत.”

मोठ्या पियानोचा पाय पुन्हा बसवायचा होता तेव्हा नवे गडी आले, आणि खाली ती गेली. जावंच लागलं, दुसरं कोण होतं? पाठीवर पडून तिने वर पाहिलं आणि ती काळी फळी तिला खाली येताना दिसली. येत नव्हती, पण दिसली. घामाने हातोडा हातातून निसटत होता. काम झाल्यावर ती बाहेर आली ती ओकायला थेट बेसिनकडे गेली. त्यानंतर दरवेळी तसंच होऊ लागलं. ते कमी होईल असं डॉक्टर म्हणाले. अजून तरी झालेलं नाही.

हवा पालटली, पियानो फुगले, पुन्हा आखडले. नवऱ्याला दिवसपाळी मिळाली. एका संध्याकाळी ती कामावरून आली, अप्पांसमोर चहा ठेवला आणि बशी त्यांच्या हाताशी सरकवताना तिच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत ते तिला रागावलेले नाहीत. किती दिवस ते तिला आठवेना. पाहुणे येऊन गेले होते, दूधवाला रोज येत होता, आणि पाचरेचा विषय निघाला नव्हता.  ती त्यांच्यासमोर बसली.

“अप्पा,” ती म्हणाली, “मी त्या दिवशी पाचर नीट ठोकली नाही. मोठ्या पियानोची.”

अप्पांनी चहाचा घोट घेतला. तिच्याकडे त्यांनी फार मायेने पाहिलं. अनोळखी माणसाच्या चांगल्या मुलीकडे पाहावं तसं.

“असू दे,” ते म्हणाले. “कोणाला काही लागलं नाही ना?”

ती नाही म्हणाली. त्यांचा कप रिकामा होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. आतल्या खोलीत नवरा रेडिओवर काहीतरी शोधत होता. ते त्याला सापडत नव्हतं, आणि तिलाही उठून जाऊन लावून द्यावंसं वाटत नव्हतं.